शेवटून तिघं

कुंभकोणमात चढ म्हणून नाही. नाचियारकोविलच्या वाटेवर अरसलार नदीचा पूल लागतो, तिथे सीटवरून जरा उठून पॅडल मारावं लागतं, एवढाच आमचा डोंगर. बाकी चहूकडे भातखाचरं, कालवे, नारळ, आणि पाटासारखा सपाट रस्ता.

असल्याच सपाट रस्त्यावरून मी रोज तिरुभुवनमला कामावर जायची. तिथे विणकरांच्या सोसायटीत रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी ग्राफच्या कागदावर उतरवून द्यायचं माझं काम. दिवसभर मोर, हंस, रुद्राक्ष, देवळाचे कळस बारक्या चौकोनांत बसवायचे आणि संध्याकाळी सायकल काढून घरी यायचं. लेडीज सायकल, पुढे टोपली, टोपलीत जेवणाचा डबा. ऐंशीच्या दशकात मी नोकरीला लागले तेव्हा बसमधली माणसं खिडकीतून मान काढून माझ्याकडे बघत. पुढे त्या रस्त्यावर सायकलवाल्या मुली इतक्या झाल्या की कोणी बघेना.

घरी आम्ही मराठी. तंजावरच्या मराठे राजांच्या काळी आमचे पूर्वज इकडे आले एवढं ठाऊक. कुठल्या गावाहून आले ते कोणालाच सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. भाजीवाली दारात उभी असली की आई एकाच श्वासात माझ्याशी मराठीत आणि तिच्याशी तमिळमध्ये बोले. नात्यातली दहा-बारा घरं सोडली तर मराठी बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. वयाची तिशी आली तरी अनोळखी माणसाच्या तोंडून आपली भाषा ऐकणं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. अप्पा रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि सकाळी पेपर मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. एके दिवशी त्यांनी वाचलं, की तिरुचीचं एक तरुणांचं मंडळ निलगिरीत आठ दिवसांची सायकल-सफर नेणार आहे. जाड टायरच्या, गिअरच्या डोंगरी सायकली मंडळच देणार. बायकांनाही येता येईल.

मी भात वेळत होते. म्हटलं, "मी जाऊ?"

अप्पांनी पान उलटलं. मागची बाजू शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "स्वेटर लागेल."

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शिलाई मशीन पुढे ओढून तिने माझ्यासाठी दोन चुडीदार शिवले. साडी नेसून डोंगर चढता येणार नाही, हे मी सांगण्याआधीच तिला कळलं होतं.

मेट्टुपाळयमला सफर सुरू झाली तेव्हा आम्ही सोळा जण होतो. चौदा पुरुष, बहुतेक कॉलेजातली मुलं, आणि बायका दोनच. दुसरी बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, उन्हाने रापलेली, केस कापलेले, आवाज मैदानावर ओरडून घोगरा झालेला. आदल्या संध्याकाळी तिच्याशी माझं दोन-चार वाक्यं हिंदीत बोलणं झालं. शाळेत खेळ शिकवते, एवढं कळलं. कुठली, ते मी विचारलं नाही.

कोटगिरीच्या चढावर मुलं पहिल्या तासातच दिसेनाशी झाली. मी मागे पडले. गिअर कधी हलका करायचा, कधी जड, ते मला जमेना. एका वळणावर ती बाई रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसली होती. हात काळे झालेले. मी जवळ पोचले तर ती स्वतःशीच म्हणत होती, "मेली ही चेन! सारखी पडते. आता काय करू हिला?"

मी ब्रेक दाबला. कानांवर विश्वास बसेना. तोंडातून आपोआप निघालं, "उगी राहा. मज येतें तें काम."

तिने वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

"मज येतें तें काम."

"अगं, तू मराठी?" तिचा चेहरा उजळला आणि लगेच ती खो खो हसत सुटली. "मज येते! मराठी बोलतेस की पोथी वाचतेस गं?"

ती वाईट मनाने हसली नव्हती, हे आज कळतं. पण त्या क्षणी तोंडावर दार आपटावं तसं झालं. ज्या भाषेला माणूस भेटावं म्हणून मी, आई, आईची आई वाट बघत राहिलो, त्या भाषेचं माणूस भेटलं आणि ते हसलं. मी चेन बसवून दिली. "हो गया," असं हिंदीत म्हणाले आणि पुढे निघाले. त्या दिवशी तिने दोनदा माझ्याशी मराठीत बोलून पाहिलं. मी हिंदीतच उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या मळ्यांतून कच्च्या वाटेने जायचं होतं. मुलं पुन्हा पुढे. तिच्या सायकलचा, गिअर बदलतो तो मागचा लोखंडी हात दगडावर आपटून वाकला आणि चाक फिरेना. मंडळाचा मिस्त्री पुढे निघून गेलेला. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होतो, एवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून चालत आले. जाड चष्मा, डोक्याला मफलर, साधी काळी सायकल, कॅरिअरला बांधलेली वळकटी. ते आमच्या सफरीतले नव्हते. कोइंबतूरच्या गिरणीतून निवृत्त झालेले फिटर. तरुणपणी चहाच्या कारखान्यांत यंत्रं बसवायला ते या डोंगरात यायचे आणि आता दरवर्षी पोंगल झाला की एकटेच सायकल घेऊन इकडे येतात, असं त्यांनी मला तमिळमध्ये सांगितलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकलेला हात डोळ्याशी नेऊन पाहिला आणि त्या बाईला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. तिला एक अक्षर कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

आता बोलणं भागच होतं. मी म्हणाले, "पुसतात, तुम्ही चढ लागल्यावर गिअर पाडतां का?"

"हो, पाडते. चुकतं का?"

मी तमिळमध्ये सांगितलं. ते बोलले. मी मराठीत सांगितलं, "चुकतें. चढ दिसतांच पाडावा, चढ लागल्यावर नव्हे. चेनीस ओढ बैसते."

या वेळी ती हसली नाही. 'ओढ बैसते' हे शब्द तिने हळूच परत म्हटले. फिटरांनी एका दगडावर तो हात ठेवून दुसऱ्या दगडाने अलगद ठोकत सरळ केला. अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात त्यांचं तिला आणि तिचं त्यांना मी सांगत राहिले. किती मुलं, कुठे काम, गुडघे दुखतात का, तिच्या गावी, वाईला, पाऊस किती पडतो. हे सगळं माझ्या तोंडून, मराठीत. शेवटी ती म्हणाली, "काल मी हसले. चुकलं माझं. आमच्या गावाकडे माझी आई 'हुडक' म्हणायची. शाळेत बाईंनी छड्या मारून मला 'शोध' म्हणायला शिकवलं. तुझ्या तोंडून काल संध्याकाळी तोच शब्द ऐकला. तू मंडळाच्या ट्रकवाल्याला पाना हुडकायला सांगत होतीस ना?"

"हो. पण तें तर तमिळमध्यें."

"मग मला तसं का ऐकू आलं कोण जाणे," ती म्हणाली, आणि या वेळी आम्ही दोघी हसलो. मी तिला अक्का म्हणायला लागले ती तेव्हापासून. अक्का त्यांच्याकडेही म्हणतात, आमच्याकडेही.

तिथून पुढचे पाच दिवस आम्ही तिघं शेवटून होतो. फिटर चढाला सायकलवर कधी बसत नसत. "चढ चालायचा असतो," ते म्हणत. "सायकल सोबतीला असते." आम्ही गिअर पाडून, धापा टाकत त्यांच्यापुढे जायचो आणि पुढच्या चहाच्या टपरीवर बसलो की थोड्या वेळात त्यांचा मफलर वळणावर दिसायचा. ते आले की चहा परत मागवायचा. ते बोलायचे, मी अक्काला सांगायची. अक्का बोलायची, मी त्यांना सांगायची. कधीकधी मी इतकी थकलेली असे की भाषा बदलायची विसरायची आणि अक्काला तमिळमध्येच सांगून मोकळी व्हायची. ती "हं, हं" करत मान डोलवायची. फिटर म्हणायचे, "आता तिला यायला लागली."

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की पुढचं चाक दिसत नव्हतं. आम्ही तिघं उतरून चालू लागलो, एकमेकांचा अंदाज राहावा म्हणून आळीपाळीने घंटी वाजवत. माझी टिणटिण, अक्काची टिणटिण, मग फिटरांच्या जुन्या घंटीचा खरखरीत आवाज. तासभर असेच चाललो. मला आयुष्यात एवढं निवांत कधी वाटलं नव्हतं. हा तास संपू नये, असं वाटत असतानाच ऊन पडलं आणि खाली सगळा मळा हिरवा होऊन वर आला.

कुन्नूरच्या अलीकडे रस्ता फुटतो. आम्हाला मंडळाच्या मुक्कामाला जायचं होतं, फिटरांना त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या कारखान्याकडे. त्यांनी आमच्या दोन्ही सायकलींच्या चेनींना तेल घातलं, मफलर नीट केला आणि "पोय्‌ट्टु वरेन्‌" म्हणाले. जाऊन येतो. आमच्याकडे निघताना असंच म्हणतात. 'जातो' म्हणत नाहीत. मी अक्काला त्याचा अर्थ सांगितला. ती वळून म्हणाली, "या, या. लवकर या." ते वळणाआड गेले आणि मग आमच्या लक्षात आलं, की आम्ही त्यांचा पत्ता घेतलाच नाही. अक्का सायकल टाकून त्या फाट्यापर्यंत पळत गेली. उतार होता, आणि उताराला ते सायकलवर बसत.

सफर संपल्यावर अक्काच्या हातात दोन दिवस होते. मी म्हटलं, घरी चल. ती कुंभकोणमला आली.

आईने सकाळपासून घर धुऊन काढलं होतं. ठेवणीतली साडी नेसली होती. 'आमच्या देशाची बाई' येणार म्हणून नात्यातल्या दोघींना बोलावलंही होतं, पण त्या लाजून आल्या नाहीत. अक्का आत आली तशी आई म्हणाली, "बैसा."  मग तिने कॉफी आणून दिली आणि समोर जमिनीवर बसून ती अक्काच्या तोंडाकडे बघत राहिली.

जेवण झाल्यावर तिला धीर आला. तिने विचारलं, "तुमच्या गावीं सारे मराठीच बोलतात?"

"सारे."

"बाजारांतही?"

"बाजारातही."

"बसवालाही?"

"हो. तोही."

"आणि भांडतात तें?"

"भांडतात तर मराठीतच, आई. शिव्यासुद्धा मराठीत."

आईने दोन्ही हात गालांना लावले. "सांगा एक."

अप्पा बाहेरच्या खोलीत खोकले. अक्काने त्यातल्या त्यात सभ्य शिवी हळू आवाजात सांगितली. आईला ती कळली नाही, तरी ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "आतां कांहीही बोला. मज समजलें नाही तरी चालेल. बोलत बैसा." अक्का दुपारभर बोलत बसली. घर, शाळा, नवरा, कृष्णेचा घाट, शेतातल्या हळदीचा वास. आई मधूनच एखादा शब्द ओळखीचा निघाला की मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली आणि आम्ही दोघी पट्टीश्वरमला गेलो. देवीचं दर्शन घेतलं, कालव्याच्या कडेला बसलो. अक्का म्हणाली, "किती सपाट गं तुमचा मुलूख! इथे तर म्हातारपणीही सायकल चालवता येईल." मी म्हटलं, "मज तुमचे डोंगर पाहणें आहेत." तिने माझ्या हातावर टाळी दिली. "ये. पसरणीचा घाट चढू आपण दोघी. वाईहून पाचगणीपर्यंत. शब्द दे." मी शब्द दिला.

गाडी सुटल्यावर आई फलाटावर बराच वेळ उभी राहिली. घरी येईपर्यंत ती माझ्याशी भर रस्त्यात, लोकांदेखत मराठीत बोलत होती. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

नंतर पत्रं सुरू झाली. हिंदीच्या परीक्षा दिल्या असल्यामुळे मला नागरी लिपी येत होती. अक्काची पत्रं लांबलचक असायची. आज घाट चढले, आज धोमच्या धरणापर्यंत गेले, आज पहाटे सायकलवर असताना मोर आडवा गेला. मी ती पुन्हा पुन्हा वाचायची. तिच्यासारखं लिहिता यावं म्हणून मी तिच्याकडून तिच्या मुलांची मराठीची जुनी क्रमिक पुस्तकं मागवली आणि पहिलीपासून सातवीपर्यंत सगळी वाचून काढली. 'मज'चं 'मला' झालं. 'बैसा'चं 'बसा' झालं. आई कधी म्हणायची, "तूं अलीकडे निराळीच बोलतेस." मला त्याचा अभिमान वाटायचा.

दरवर्षी जायचं ठरायचं आणि दरवर्षी राहायचं. अप्पांना पक्षाघात झाला. त्यांना उठवणं-बसवणं आई एकटीला झेपेना. एक वर्ष अक्काच्या मुलाची परीक्षा होती. एक वर्ष तिनेच लिहिलं, यंदा नको. कारण लिहिलं नव्हतं. अरसलारचा पूल चढताना मी सीटवरून उठायची आणि मनात म्हणायची, आता पसरणी.

सात वर्षांनी, अप्पा गेल्यानंतर, मावशी आईच्या सोबतीला येऊन राहिली आणि मी वाईला गेले. आगगाडीत दोन दिवस, मग बस. अक्का स्टँडवर आली होती. लांबूनच तिने हात केला आणि ती माझ्याकडे चालत येऊ लागली. डावा पाय ती ओढत होती.

"काय झालं पायाला?"

"घरी चल, सांगते."

घरी तिने सांगितलं. शाळेच्या मैदानावर पडून गुडघा गेला होता. शस्त्रक्रिया झाली होती. तीन वर्षं ती सायकलवर बसली नव्हती.

"पण तुझी पत्रं?" मी म्हणाले. "धोमचं धरण? तो मोर?"

"मोर खरा आहे. आधीचा आहे." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू इतकं विचारायचीस. मला नाही लिहवलं. आणि लिहिताना मलाही जाऊन आल्यासारखं वाटायचं."

मला राग आला आणि रडूही आलं. सगळं बोलून झाल्यावर तीच म्हणाली, "आणि तू गं? मघापासून ऐकतेय. तू तर आमच्या शाळेतल्या बाईंसारखी बोलायला लागलीस. पत्रात वाचायची तेव्हा वाटायचं, लिहिण्यापुरतं असेल."

"तू हसू नयेस म्हणून शिकले."

ती म्हणाली, "मी एकदाच हसले होते."

 तिच्या नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि तो निवायला लागला तेव्हा आम्ही प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने माळ्यावरून तिची सायकल उतरवून घेतली, पुसली, चाकांत हवा भरली. मी पसरणीचा घाट चढायला घेतला आणि माझ्या मागोमाग तिच्या नवऱ्याची स्कूटर, मागे अक्का. स्कूटर इतकी हळू चालवावी लागत होती की ती दर वळणाला बंद पडायची. "गिअर पाड! आत्ता पाड, चढ दिसला की पाडायचा!" अक्का ओरडायची. एस.टी.तले लोक बघायचे. वळणावळणाला वाई खाली जात होती, धोमचं पाणी दिसू लागलं. मी दोनदा थांबले, एकदा उतरून चालले. पण चढले.

वर सपाटी लागल्यावर अक्का स्कूटरवरून उतरली आणि हात पुढे करून म्हणाली, "दे."

नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टरांनी..."

तिने ऐकलं नाही. मी सीट खाली केली, तिला धरून बसवलं. एका पायाने पॅडल मारत, दुसरा नुसता लोंबता ठेवत ती त्या रस्त्यावरून गेली. शंभर पावलं असतील. मग तोल जाऊन ती कडेच्या गवतात टेकली आणि तशीच बसून राहिली. आम्ही पळत गेलो. तिला काही लागलं नव्हतं. "बस," ती म्हणाली. "झालं माझं." आणि मग नवऱ्यादेखत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

मी चार दिवस राहिले. निघताना ती म्हणाली, आणखी दोन दिवस राहा. मावशीला परत जायचं होतं, आईला एकटं ठेवता येत नव्हतं. बस सुटेपर्यंत अक्का खिडकीपाशी उभी राहून माझा हात धरून होती.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पत्रं येतात, पूर्वीपेक्षा आखूड आणि खरी. आज पायऱ्या चढले. आज गुडघा सुजला. मीही आता तिला जसं तोंडात येतं तसं लिहिते, अर्धं असं, अर्धं तसं. कोइंबतूरचे फिटर आता असतील की नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. पोंगल झाला की दोघींपैकी कोणीतरी पत्रात एकदा विचारते, ते यंदा डोंगरात गेले असतील का. दुसरी उत्तर लिहिते, गेले असतील.